दांडीच्या मांगरातला गिअरबॉक्स

मित्रांनो, रस्त्यात एखादी ठेंगणी, लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्स गाडी दिसली की तुम्ही काय करता ते मला चांगले ठाऊक आहे. आधी तिचा रंग बघता, मग तिच्या दिव्यांवरून हात फिरवता आणि शेवटी इंजिन किती ताकदीचे आहे ते विचारता. आजवर तुमच्यापैकी एकानेही खाली वाकून माझी चौकशी केलेली नाही. तेव्हा मीच आपली ओळख करून देतो. अशाच एका गाडीच्या पोटात बसलेला मी एक जुना गिअरबॉक्स, मुक्काम दांडी किनारा, मालवण. माझे वय झाले आहे, अंगावर ओरखडे आहेत, पण माझा एकही दात हलत नाही. या वयात असे छातीठोकपणे सांगणारे आमच्या वाडीत फार जण सापडणार नाहीत.

माझे काम काय, ते आधी समजून घ्या. इंजिन हा मोठा उतावळा प्राणी. त्याला फक्त गरगर फिरणे ठाऊक. चढ आला काय, उतार आला काय, त्याचे आपले तेच. त्याची ती धाव चाकांना सोसेल अशी करून द्यायची हे माझे काम. चढावर मी वेग काढून घेतो आणि जोर देतो, सपाटीवर जोर काढून घेतो आणि वेग देतो. इंजिन आणि मी यांच्यामध्ये राहतो क्लच. त्याच्यात भाकरीएवढी एक चकती असते, तिला प्लेट म्हणतात. ड्रायव्हरने पेडल दाबले की ही प्लेट इंजिनाच्या जड चाकापासून सुटते, मला घटकाभर उसंत मिळते आणि मी गिअर बदलतो. पेडल सोडले की प्लेट परत त्या चाकाला घट्ट धरते आणि इंजिनाची ताकद माझ्याकडे येते. या धरण्यात ना खिळा असतो ना डिंक. दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात, एवढेच. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्यावरूनच घडले.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. तापलेला धातू साच्यात ओतून माझे अंग घडवले, पोलादी चाके पोटात बसवली, आणि दोन चाकांचा वेग जुळवून द्यायला त्यांच्यामध्ये पितळी कड्या घातल्या. या कड्या म्हणजे लग्न जमवणारे मध्यस्थ समजा. दोन्ही बाजूंना राजी करतील, तेव्हाच गिअर आवाज न करता पडतो. मला गाडीत बसवण्याआधी चष्मा लावलेल्या एका कारागिराने माझ्या अंगाला कान लावला, मला फिरवले आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

पुढे गाडी बोटीतून गोव्यात आली, तिथे तिने एक-दोन मालक पाहिले आणि शेवटी ती आरोंद्याच्या फेलिक्सकडे पोचली. फेलिक्स बोटीवर नोकरीला होते. अर्धे वर्ष दर्यावर आणि अर्धे घरी. घरी आले की बायकोला, ईडाला, शेजारी बसवायचे आणि गोव्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, निघायचे. ईडा डोक्याला रुमाल बांधायची आणि वळणावर हसायची. रस्त्यातली पोरे आमच्यामागे धावत. खोटे कशाला बोलू, ते माझ्या भरभराटीचे दिवस होते.

फेलिक्स माणूस सोन्यासारखा, पण त्यांना एक वाईट खोड होती. डावा पाय ते कायम क्लचच्या पेडलवर टेकवून बसत, जणू पाय ठेवायला कोणी स्टूलच दिले आहे. त्यामुळे प्लेट कधी धड धरलेली नसे आणि कधी धड सुटलेली नसे. ती बिचारी सारखी घासली जाई. उतारावर पेट्रोल वाचवायला ते मला न्यूट्रलमध्ये टाकत आणि गाडी तशीच सोडून देत. मग खाली पोचल्यावर घाईघाईने गिअर टाकत आणि मी करकरलो की म्हणत, गाडी म्हातारी झाली. मी म्हातारा झालो नव्हतो. माझ्या पितळी कड्या झिजल्या होत्या.

नंतर ईडा वारली. फेलिक्सनी फेस्तांना जाणे सोडले आणि गाडी फणसाखाली उभी राहिली. खाडीवरचा खारा वारा वर्षानुवर्षे आमच्या अंगात शिरत राहिला. माझ्या पोटातल्या तेलात पाणी उतरले आणि त्याचा रंग ताकासारखा झाला. क्लचची प्लेट गंजून इंजिनाच्या चाकाला जी चिकटली ती चिकटलीच. ईडाच्या सीटवर एका कोंबडीने संसार थाटला. मित्रांनो, ज्या सीटवरून फेस्ताची गाणी ऐकली, तिथून अंडी उबवण्याची कुरकुर ऐकायची पाळी आली, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले.

एके दिवशी आरोंद्याला कोणाच्या तरी होडीचे इंजिन बघायला मालवणहून रविकांत आले. ते स्वतः ट्रॉलरवाले, आणि सगळ्या किनाऱ्यावर इंजिनाचा माणूस म्हणून त्यांचे नाव. सोबत त्यांची मुलगी उर्वशी होती. कोल्हापुरात डिप्लोमा करून तिथल्याच एका गॅरेजात ती बरीच वर्षे शर्यतीच्या गाड्यांवर काम करत होती आणि नुकतीच घरी परतली होती. सगळे जण कोंबडीकडे बघून हसले. उर्वशी मात्र गुडघ्यांवर बसली, मग सरळ जमिनीवर आडवी झाली आणि गाडीखाली डोके घालून माझ्याकडे बघू लागली. बोटाने तिने माझ्या अंगावरचा चिखल खरवडला आणि माझ्यावर कोरलेला आकडा वाचला. गावात एवढ्या वर्षांत माझे तोंड पाहणारी ती पहिली. फेलिक्स काठी टेकत जवळ आले आणि म्हणाले, "घेवन जा, बाय. पण शोभेक ठेवू नको. चलव हिका."

अशी आमची वरात टेंपोत बसून दांडीला आली. रविकांतच्या घराशेजारी माडांत त्यांचा मांगर आहे. मांगर म्हणजे जाळी, दोर, नांगर ठेवायची कौलारू शेड. आता त्यांचे सामान बंदराजवळ राहते, त्यामुळे मांगर रिकामा होता. त्यावर दोघांचा डोळा होता. रविकांतचा पुतण्या निलेश पर्यटकांना पाण्याखाली मासे दाखवायला नेतो, त्याला आपली नळकांडी आणि पोशाख ठेवायला जागा हवी होती. आणि उर्वशीला तिथे गॅरेज काढायचे होते. नुसते गॅरेज नव्हे, हाताने गिअर टाकायच्या जुन्या, वेगवान गाड्या नीट करण्याचे गॅरेज. लोक तिला वेड्यात काढत. आता सगळ्या गाड्या आपोआप गिअर बदलणाऱ्या येणार, तुझ्याकडे येणार कोण, असे विचारत. खोटे बोलून काय उपयोग, मलाही तीच भीती वाटे.

रविकांत पेचात सापडले. पुतण्याला नाही म्हणावे तर भाऊ दुखावणार, आणि मुलीला नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्यांनी त्यातून कोळ्याला शोभेल असा निवाडा केला. होडीची पारख किनाऱ्यावर होत नाही, ती लाटेवर होते. मग गाडीची पारख घाटात व्हायला हवी. सगळे घर जेवायला बसले असताना, निलेशच्या समोर, त्यांनी उर्वशीला सांगितले, "फोंडाघाट खंयच न थांबता चढान दाखव, मांगर तुझो. मध्येच थांबलीस तर चावी निलेशाक देतलंय." दिवाळीआधीचा रविवार ठरला. पर्यटकांचा हंगाम त्यानंतर सुरू होतो, त्यामुळे निलेशनेही हसत मान डोलावली. आमच्यासारख्या खटाऱ्याला घाटाचा पायथा तरी दिसेल का, असे त्याच्या मनात असावे.

पावसाळाभर उर्वशीने माझ्यावर काम केले. तिने मला गाडीतून उतरवले, उघडले, धुतले आणि माझे प्रत्येक चाक हातात घेऊन उजेडात पाहिले. झिजलेल्या पितळी कड्या जाऊन नव्या आल्या. तेल घालायची वेळ आली तेव्हा रविकांतनी होडीच्या गिअरचे जाड तेल पुढे केले, पण उर्वशीने ते बाजूला ठेवले. ते तेल होडीला चांगले, माझ्या पितळाला नाही, हे तिला ठाऊक होते. गिअरचा दांडा भांड्यातल्या पळीसारखा खुळखुळत असे. त्याच्या तळाशी तिने नवी बुश, म्हणजे दांड्याला घट्ट धरणारी कडी, बसवली, आणि दांडा असा नेमका झाला की दोन बोटांनी गिअर पडू लागला.

मग क्लचची पाळी आली. चिकटलेली प्लेट सोडवायला दोन्ही हातांनी पहार लावावी लागली. पेडलची जुनी तार खाऱ्या वाऱ्याने धागा धागा कुरतडली होती. तारेच्या जागी उर्वशीने तेलाच्या दाबावर चालणारी नळी बसवली, आणि दोन पायांचे बळ मागणारे पेडल चवड्याने दबू लागले. प्लेटला कोल्हापुरातल्या तिच्या ओळखीच्या कारागिराकडून नवे अस्तर चढवून आणले. इंजिनाचे ते जड चाक तिने कुडाळला लेथवर सपाट करून घेतले आणि कडेने थोडे उतरवून हलकेही केले. चाक हलके झाले की इंजिन चटकन उसळते आणि चटकन शांत होते, गिअर बदलायला वेळ लागत नाही. स्पोर्ट्स गाडीला हेच शोभते. फक्त त्यात एक खोच आहे. हलक्या चाकाची गाडी चढावर उभी राहिली तर परत उचलणे फार कठीण, कारण चाकात साठवलेली ताकद कमी असते आणि पाय जरा चुकला की इंजिन मरते. उर्वशीला हे माहीत होते. पण थांबायचेच नाही म्हटल्यावर तिने त्याची फिकीर केली नाही.

सगळे जुळून आल्यावर पहिल्यांदा गाडी रस्त्यावर आली, तेव्हाची माझी ऐट काय सांगू? पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, लोण्यातून सुरी फिरावी तसा मी फिरत होतो. कारखान्यात होतो त्यापेक्षाही मी सरस झालो होतो, हे मी अभिमानाने सांगतो. रविकांत दारात उभे राहून आवाज ऐकत होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ते बोलावून ऐकवत होते. अट त्यांनी घातली होती खरी, पण मुलगी जिंकावी म्हणून सगळ्यात जास्त जीव त्यांचाच टांगणीला लागला होता. आणि तिथेच घोटाळा झाला.

मित्रांनो, किनाऱ्यावरच्या माणसाचा एक धर्म असतो. लोखंड कोरडे ठेवायचे नाही. हंगामाआधी होडीचा नांगर, साखळी, कप्पी, इंजिनाचा सांधा अन् सांधा ग्रीसने माखल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. कोरड्या लोखंडाला समुद्र ताट चाटावे तसा चाटून पुसून खातो, असे रविकांत नेहमी म्हणत. ठरलेला रविवार चार दिवसांवर आला होता. उर्वशी दुपारची बाजारात गेली होती. रविकांत गाडीखाली शिरले. कुठे काही राहिले तर नाही ना, हे बघत बघत ते माझ्या आणि इंजिनाच्या सांध्यापाशी आले. तिथे बाजूला एक रबरी टोपण असते. ते त्यांनी काढून आत डोकावले, आणि आतले सगळे कोरडे ठणठणीत बघून त्यांचा जीव कासावीस झाला. होडीच्या गिअरमधला क्लच तेलातच बुडलेला असतो, त्यामुळे पोरीच्या हातून एवढी मोठी चूक राहिली, असे त्यांना वाटले. त्यांनी ग्रीसगन आणली आणि मन भरेपर्यंत आत ग्रीस सोडले. मग टोपण होते तसे बसवले, फडक्याने पुसून घेतले, आणि देवाला नैवेद्य दाखवून आल्यासारखे हात धुवायला गेले. मी आतून ओरडत होतो. पण आमचे ओरडणे गाडी चालू झाल्याशिवाय कोणाला ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वशी गाडी घेऊन कुंभारमाठाच्या चढावर गेली. फिरत्या चाकाने ग्रीस उडून प्लेटच्या अस्तरात मुरले होते. चढ लागला आणि प्लेटची पकड सुटली. इंजिन वर बोंबलत होते, मी खाली जोराची वाट बघत होतो, आणि मध्ये प्लेट नुसती घसरत होती. गाडी कासवासारखी झाली. जळका वास सुटला. उर्वशीने गाडी वळवली आणि उताराउताराने कशीबशी घरी आणली. आपल्याच हातून काहीतरी चुकले, आपणच प्लेट नीट बसवली नाही, असेच ती धरून चालली होती.

होडीची इंजिने उचलायची साखळी-कप्पी मांगराच्या तुळईला होतीच. रविकांतनी साखळी ओढली, उर्वशीने बोल्ट सोडले आणि मी खाली आलो. आतून ग्रीसचा लोळ बाहेर पडला. काळाकुट्ट, होडीला लावतात तोच. उर्वशी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मागे वळून विचारले, "बाबानू, ह्यां ग्रीस कोणी घातलां?"

रविकांतच्या हातातली साखळी तशीच राहिली. "मी," ते म्हणाले. "कोरडां लोखांड दिसलां, जीव रवलो नाय."

मला वाटले, आता भडका उडणार. पावसाळाभराची मेहनत पाण्यात गेली होती. ती ज्याने घालवली त्यानेच अट घातली होती, आणि पुढे त्याच अटीने मांगर दुसऱ्याला जाणार होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते हेच. पण उर्वशीने ती माखलेली प्लेट फडक्यावर ठेवली आणि वडिलांपुढे धरली. "गाडयेत ह्यां एकच लोखांड कोरडां रवाक होयां, बाबा," ती म्हणाली. "ह्याच्या कोरडेपणावर गाडी चलता." तिचा आवाज चढला नाही. डोळे मात्र भरले होते, आणि ते तिने लपवलेही नाहीत.

रविकांत साखळी सोडून खाली बसले. जन्मभर ज्या ग्रीसने त्यांनी होड्या वाचवल्या, त्याच ग्रीसने मुलीची गाडी बुडवली होती. त्यांनी विचारले, अस्तर परत चढवता येईल का. कोल्हापुरात चढवता येईल, उर्वशी म्हणाली, पण पाठवून परत येईपर्यंत रविवार निघून जाईल, आणि आपल्याला इथे सगळे धुऊन काढायला थांबलेच पाहिजे. रविकांत उठले. मीच जातो, म्हणाले.

पुढची हकिगत त्यांच्या बायकोने, प्रेमलताने, नंतर मांगरात बसून शेजारणीला सांगितली, ती मी आपली ऐकली. रविकांतनी आधी लिंबू आणि राखेने हात कोपरापर्यंत घासले. त्या हातांचा तेलकटपणा लग्नाच्या दिवशीसुद्धा गेला नव्हता, असे प्रेमलता म्हणाली. मग ते एसटीने कोल्हापूरला गेले आणि कारागिराच्या दारात बसून राहिले. त्याला दुसऱ्या कामाला हात लावू दिला नाही. अस्तर झाले तेव्हा त्यांनी प्लेट नव्या कोऱ्या पंच्यात गुंडाळली आणि परतीच्या सगळ्या प्रवासात मांडीवर धरली. शेजारच्या माणसाने पिशवी वरच्या फळीवर ठेवायला हात पुढे केला, तर हे अंगावरच गेले. कंडक्टरने विचारले, पिशवीत काय एवढे? रविकांत म्हणाले, "चेडवाचो मांगर." पिशवीत मुलीचा मांगर कसा, ते कंडक्टरला कळले नाही, पण त्याने पुढे विचारलेही नाही. घरी आल्यावर प्रेमलताने पंचा सोडायला घेतला, तर तिलाही हात लावू दिला नाही. मासे विकून आलेल्या हातांनी कोरड्या वस्तूला शिवायचे नसते, असे तिला ऐकवले. ज्याने परवा ग्रीसगन रिकामी केली, तो आता इतरांना कोरडेपणा शिकवत होता. प्रेमलता हे सांगताना पदर तोंडाला लावून हसत होती.

तोवर उर्वशीने माझे तोंड, इंजिनाचे चाक आणि मधली सगळी जागा पेट्रोलने धुऊन लख्ख केली होती. प्लेट बसली. मी वर चढलो. रविकांतनी साखळी ओढली, पण सांध्याजवळ मात्र ते फिरकले नाहीत. लांब उभे राहून म्हणाले, तूच बघ गो, माझ्या हातांचे काही खरे नाही.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. शेजारच्या सीटवर रविकांत होते, कारण अट पाळली जाते की नाही ते बघायला कोणीतरी हवे होते. निलेशने निघताना मांगराच्या चावीचा विषयही काढला नाही, एवढा भला माणूस तोही होता. कसाल, कणकवली मागे पडले. फोंड्याच्या बाजारात लोकांनी माना वळवल्या. इंजिन लगेच फुगले, जसे काही सगळे त्यालाच बघत होते. आणि मग घाट लागला.

मित्रांनो, त्या चढणीवर मी जे केले ते मला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. वळण दिसले की उर्वशीचा पाय पेडलवर जाई, दांडा दोन बोटांत येई, इंजिन एक हुंकार देई, आणि मी तिसऱ्यातून दुसऱ्यात असा उतरे की रविकांतना कळतही नसे. प्लेट कोरडी खडखडीत होती. ती अशी धरत होती की इंजिनाच्या ताकदीतला एक थेंबही वाटेत सांडत नव्हता. वळणामागून वळण गेले. दरीतून गार वारा येऊ लागला. रविकांतनी दाराची कड घट्ट धरली होती, पण त्यांच्या मिशीत हसू मावत नव्हते. अजून थोडे, की माथा आला आणि मांगर आमचा.

आणि नेमक्या सगळ्यात उभ्या वळणावर पुढे चढत असलेला चिऱ्यांचा ट्रक आडवा आला. वरून एसटी उतरत होती. वळण घ्यायला तिला सगळा रस्ता लागत होता. ट्रकवाल्याने ब्रेक मारला. आमच्यामागे दोन गाड्या, डावीकडे कडा, उजवीकडे दरी. जायला जागाच नव्हती. उर्वशीने पेडल दाबले, ब्रेक दाबला, आणि गाडी उभी राहिली.

एसटी सावकाश खाली गेली. "थांबली," उर्वशी एवढेच म्हणाली. रविकांत समोर बघत होते.

ट्रकला काही चढ उचलेना. त्याच्या माणसाने उडी मारून चाकामागे दगड लावला आणि आम्हाला बाहेरच्या बाजूने पुढे जायची खूण केली. आता सांगा, हलके केलेले चाक, उभा चढ, बाजूला दरी. गॅस, म्हणजे इंजिनाला दिलेले पेट्रोल, कमी पडला तर इंजिन मरणार आणि गाडी मागे घसरणार. जास्त झाला तर प्लेट जळणार. अट तर मोडलीच होती. उर्वशी तिथेच बाजूला थांबून रडत बसली असती, तरी तिला कोणी बोल लावला नसता. पण उर्वशीने हातब्रेक ओढला आणि पहिला गिअर टाकला. मग पेडल इतके हळू सोडले की प्लेट चाकाला नुसती टेकली. मला तिच्या पायाचा विचार ऐकू येत होता. प्लेटने धरायला सुरुवात केली, गाडीचे नाक किंचित उचलले, इंजिन खाली बसायला लागले आणि तिने नेमका तेवढाच गॅस दिला. हातब्रेक सुटला. आम्ही तसूभरही मागे गेलो नाही. चिऱ्यांच्या ट्रकला वळसा घालून आम्ही पुढे निघालो, तेव्हा त्या ट्रकवाल्याने दोन्ही हात जोडले. इतक्या वर्षांच्या आयुष्यात मी याहून मोठे काम केलेले नाही, आणि माझ्याकडून ते करून घेणारा दुसरा पायही मी पाहिलेला नाही.

माथ्यावर सपाटीला तिने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केले. मग म्हणाली, "बाबानू, अट ती अट. चावी निलेशाक देवा."

रविकांतनी खिशातून फोन काढला आणि निलेशला लावला. गाडी फोंडाघाटात थांबली, असे त्यांनी त्याला सरळ सांगितले. पलीकडे तो काय म्हणाला ते मला कळले नाही. रविकांतनी त्याचे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "ऐक रे. न थांबता कोणय चढता. भर चढावर उभी रवलेली गाडी तिना परत उचलली, दरयेच्या अंगान. माझी अट चुकली होती. तू दुसरी जागा बघ, मी तुका शोधून देतलंय. मांगर चेडवाचो."

उर्वशीने स्टिअरिंगवर कपाळ टेकले, आणि तिचा डावा हात गिअरच्या दांड्यावर येऊन पडला.

मित्रांनो, जाता जाता माझे एवढे ऐका. क्लचच्या पेडलवर पाय टेकवून बसू नका. उतारावर आम्हाला न्यूट्रलमध्ये सोडून देऊ नका. आम्ही करकरलो तर म्हातारा म्हणून हिणवू नका, आधी काय दुखते ते बघा. आणि काम नसताना गिअरच्या दांड्यावर हात ठेवू नका, कारण त्या हाताच्या भाराने गिअर सरकवणारा आतला काटा झिजत राहतो आणि ते बाहेरून कोणाला दिसत नाही. फेलिक्सही असाच हात ठेवत आणि मी रागावे, आजही कोणी ठेवला तर रागावतो.

त्या दिवशी माथ्यावर उर्वशीचा हात माझ्या दांड्यावर बराच वेळ होता. त्याचा सगळा भार मला आतपर्यंत जाणवत होता. मी म्हटले, असू दे. लागेल तेवढा वेळ असू दे.